वानरिणीची दोन गाठोडी

डोंगरउतारावरच्या एका जंगलात एक वानरीण आपल्या पिल्लाला घेऊन एकटीच राहत असे. मुलांनो, वानरे कधी अशी एकटी राहत नाहीत; पण त्या उन्हाळ्यात झरा आटला आणि सगळी टोळी घळीपलीकडच्या उंबराकडे निघाली. नेमके तेव्हाच हिचे पिल्लू तापाने फणफणले होते, म्हणून ही मागे राहिली. टोळीतली म्हातारी मावशी जाताना सांगून गेली, "झाडावर उंबरं आहेत तोवर आम्ही तिथं आहोत. त्याच्या आत ये. पुढं कुठं जाणार, ते आमचं आम्हालाच ठाऊक नाही."

ताप उतरला, पिल्लू पुन्हा फांद्यांवर धडपडू लागले आणि वानरीण निघायच्या तयारीला लागली. पण बरोबर न्यायचे काय? टोळीत असती तर चार जणींनी चार गोष्टी सांगितल्या असत्या. आता विचारायला कोणी नव्हते, आणि आपले कोणी जवळ नसले की येणारा-जाणारा प्रत्येक जण शहाणा वाटतो. मुंगी म्हणाली, वाटेत काही मिळाले नाही तर? आठ दिवसांचे खाणे घे. तिने बोरांचे गाठोडे बांधले. घरटे विणणारी सुगरण पक्षीण म्हणाली, मऊ गवताशिवाय लेकराला झोप कशी लागेल. तिने गवताचे दुसरे गाठोडे बांधले. कासवाने पाण्याची आठवण करून दिली, तेव्हा तिने डबक्यातले उरलेसुरले पाणी एका वाळक्या भोपळ्यात भरले. खरे तर वाट होती जेमतेम अर्ध्या दिवसाची, आणि या जमवाजमवीतच तीन दिवस गेले. पण धास्तावलेल्या आईला हे कोण सांगणार?

अखेर ती निघाली. एक गाठोडे पोटाशी, एक पाठीवर, एका हातात भोपळा आणि दुसऱ्या हातात पिल्लू. नाकापेक्षा मोती जड, अशी तिची गत झाली. पिल्लाची हक्काची जागा म्हणजे आईचे पोट. तिथे आता बोरे बसलेली. बिचारे वाटभर त्या गाठोड्याला ढकलत कुरकुरत राहिले.

घळ आली. पलीकडच्या फांदीवर झेप घ्यायची तर दोन्ही हात मोकळे हवेत. आधी गाठोडी नीट आवळावीत, असे तिने ठरवले. टोळीत हे किती सोपे होते! एकीचे पोर दुसरीच्या हाती, दुसरीचे तिसरीच्या. त्याच सवयीने मागे न बघता तिने पिल्लू मागे धरले आणि म्हणाली, "जरा धरतेस का गं याला?"

आणि हात सैल सोडला.

मागे कोणीच नव्हते. पिल्लू घसरले. तिने हातातला भोपळा टाकून त्याचे शेपूट पकडले म्हणून निभावले. भोपळा मात्र खोल घळीत जाऊन फुटला. पिल्लाला छातीशी धरून ती तिथेच बसली. तापाच्या दिवसांतही तिला इतके एकटे वाटले नव्हते. मग तिने दोन्ही गाठोडी सोडून घळीत टाकली, पिल्लू पोटाला घट्ट बिलगले, आणि तिने झेप घेतली.

उंबराखाली पोहोचली तेव्हा झाडावर एक फळ नव्हते, की एक वानर नव्हते. फक्त खालच्या फांदीवर म्हातारी मावशी बसून होती.

"टोळी काल गेली," मावशी म्हणाली. "मी थांबले. म्हटलं, पोरीचे हात भरलेले असतील, लेकराला धरायला कोणीतरी हवं."

वानरीण ओशाळून म्हणाली, "मावशी, मी काहीच आणलं नाही. सगळं घळीत गेलं."

"याला आणलंस ना?" असे म्हणून मावशीने पिल्लाला आपल्याकडे घेतले. कितीतरी दिवसांनी वानरिणीचे दोन्ही हात रिकामे झाले. त्यांचे काय करावे, तेच तिला कळेना. शेवटी त्यांत तोंड लपवून ती पोटभर रडली.

तात्पर्य : लहानग्याला घेऊन वाटेला लागताना आधी त्याला धरायला हात मोकळा ठेवावा, मग सामान बांधावे, आणि ज्याला जमेल त्याने अशा आईसाठी थोडे थांबावे.