शेपटरावाची तालीम

फार मागे, माणसांनी अजून वाट पाडली नव्हती अशा एका रानात, शेपटराव नावाचा वानर टोळीचा म्होरक्या होता. त्याचे गुडघे कुरकुरू लागले आणि नेमकी तेव्हाच बातमी आली की पलीकडच्या डोंगरावरचा एक तरणा वानर त्याची जागा घ्यायला येतोय. शेपटरावाची झोप उडाली. पहाटेपासून अंधार पडेपर्यंत तो नुसत्या उड्या मारू लागला.

"अहो, अंगाला जरा विसावा द्या," बायको साळू म्हणाली.

"विसावा म्हाताऱ्यांना लागतो!" असं म्हणून त्याने आणखी उड्या मारल्या.

तरणा वानर आला तेव्हा शेपटराव वडाच्या शेंड्यावर होता. मांड्या अशा आखडल्या होत्या, की त्याला जागचं हलताच येईना. तरण्याने खालून दात विचकले, आरोळ्या ठोकल्या. शेपटरावाने भीतीने डोळे गच्च मिटून घेतले.

"मला बघून हा चक्क झोपतोय!" तरणा हबकला आणि आल्या वाटेने पळत सुटला. टोळीने एकच जल्लोष केला.

"साळू, गेला का गं तो?"

"गेला."

"मग मला खाली उतरव."

दुसऱ्या दिवसापासून शेपटराव सकाळी थोड्या उड्या मारी, हातपाय ताणून सैल सोडी आणि दुपारी खुशाल घोरत पडे. कुणी हसलंच तर साळू दटावी, "हळू बोला, त्यांची तालीम चालली आहे."