राजकन्या कनकरेखा आणि आवाज पिणारं मेण

एका राज्यात धवलसेन राजा होता आणि त्याची कनकरेखा नावाची एकुलती एक लेक होती. पोरीचे कान विलक्षण तीक्ष्ण. कोणी पापड मोडला, कोणी मचमच करत घास चावला, की तिच्या तळपायाची आग मस्तकात जाई. त्यात राजाला कढीचा भुरका मारायची सवय! बापावर तिचा भारी जीव, पण भुरका ऐकला की ती ताट सोडून पळे आणि मग स्वतःचीच लाज वाटून रडे.

आता त्या राज्याचा रिवाज ऐका. राज्याभिषेकाला वारसाने राजाशेजारी पाटावर बसायचं आणि पंगत संपेपर्यंत हलायचं नाही. मधेच उठला तर गादी गेली. कनकरेखा उठली की गादी चुलतभाऊ दुर्मुखाची, आणि त्या नगाने न्यायसभेत हत्ती बांधायचं आधीच ठरवलं होतं.

राजाने काय करावं? देवळांच्या घंटांना कापूस बांधला, साऱ्या नगरीला मऊ भात खायला लावला. रोग रेड्याला, औषध पखालीला! शेवटी एका मांत्रिकाने चांदीच्या डबीत मेण दिलं. ते मेण आवाज पीत असे. राजकन्येने ते कानांत घातलं आणि तिला गाढ झोप लागली. पण पुढे मेण काढलं, की भिंतीवरून चाललेली मुंगीही तिला ऐकू येई. ती तळघरात जाऊन बसली.

एके सकाळी झरोक्यात साळुंकी येऊन बसली.

"राजकन्ये, हे मेण शापित आहे. ते आवाज पितं आणि कान उपाशी ठेवतं. उपाशी कान कशावरही तुटून पडतात."

"मग उपाय सांग."

"तीन कामं कर. झेपेल तेवढंच कर. घाई केलीस तर शाप दुणावेल."

पहिलं काम, कारंज्याजवळ बसून रोज थोडं थोडं मेण कमी करायचं. ते तिने केलं. दुसरं काम, स्वतः जातं ओढायचं, कारण आपल्या हातचा आवाज कमी टोचतो. पहिल्या दिवशी मूठभर दाणे, मग पसाभर, मग सूपभर. तेही झालं.

तिसरं काम अवघड होतं. ज्याचा आवाज सोसवत नाही, त्याला ते तोंडावर सांगायचं.

कनकरेखा राजापुढे उभी राहिली. "तात, तुमचा भुरका मला सोसवत नाही. तुमचा राग नाही हो, त्या आवाजाचा येतो."

राजा थक्क झाला. "अगं बाई! आणि मी नगरीच्या घंटा बांधत बसलो? मला वाटलं, तुला मीच नकोसा झालोय. आजपासून कढी बंद."

"बंद नको. दाराआडून भुरका मारा. मी थांबा म्हणेन तेव्हा थांबा."

मग काय, खुद्द महाराज वाटी घेऊन दाराआड! लेक थांबा म्हणे, की राजा थांबे. मग उंबऱ्यात, मग तिच्यापासून चार पाट सोडून. कधी पुढे, तर कधी पुन्हा दाराआड.

अभिषेकाची पंगत बसली. दुर्मुखाने आपल्या माणसांना पापडांच्या चळती वाढायला लावल्या. चहूकडे कुरुमकुरुम सुरू झालं. कनकरेखेला घाम फुटला. तिने पाटाची कड घट्ट धरली. राजाने ओठांशी नेलेली वाटी तशीच खाली ठेवली.

"थांबलात का, तात? मी थांबा म्हटलेलं नाही."

राजाने भुरका मारला. आग तळपायातून निघाली, गुडघ्यापर्यंत आली आणि तिथेच विझली. कनकरेखा जेवत राहिली. डबीतल्या मेणाचं पाणी झालं. नगरीतल्या घंटांचा कापूस आपोआप गळून पडला आणि दुर्मुख आपला हत्ती घेऊन घरी गेला.

पंगत उठली, तरी राजा उठेना. डोळे पुसत म्हणाला, "बाळ, तू लहान होतीस तेव्हापासून मी एकटाच जेवत होतो गं."

कनकरेखेने कढीचं पातेलं पुढे ओढलं आणि त्याची वाटी पुन्हा भरली.