सलामीचा मान

“उद्या दुपारपर्यंत खरी बंदूक ओळखून दाखव, कोंडिबा! हात लावायचा नाही, बार काढायचा नाही. नाही जमलं तर शस्त्रागाराच्या किल्ल्या ठेव आणि हत्तीखान्यात लीद उचलायला जा!”

चिंचगडच्या राजेसाहेबांनी शस्त्रागाराच्या म्हाताऱ्या रखवालदाराला हुकूम सोडला. राजेसाहेबांना जुन्या लढायांतल्या बंदुका जमवायचं भारी वेड. त्यात आज लखमशेट आणि बाळाशेट हे दोन सौदागर एकदमच येऊन धडकले होते. दोघांकडे एकेक ठासणीची बंदूक. तोच दस्ता, तीच नळी, गंजसुद्धा तसाच! आणि दोघंही छातीठोकपणे सांगत होते, “कातळगडच्या लढाईत सेनापतींनी चालवली ती हीच! त्याच्याकडची नक्कल!”

कोंडिबाची लेक हौसा दाराशी उभी राहून ऐकत होती. आबांना धड वाकता येत नाही, ते हत्तीखान्यात काय टिकणार! पदर खोचून ती तडक पुढे आली.

“सरकार, आबांच्या वतीनं मी ओळखली तर?”

“तू? चुलीपुढची पोर?”

“भाकरी भाजली की नाही ते मी न शिवता सांगते, सरकार. बंदुकीचं काय घेऊन बसलात! आधी एवढं सांगा, दसऱ्याच्या सलामीचा पहिला बार कोण काढतं?”

“सगळ्यात मानाच्या बंदुकीचा धनी! हा आमच्या घराण्याचा रिवाज. दुप्पट दारू ठासायची, दस्ता गालाला लावायचा आणि धडाम!”

“मग झालं तर! दसरा आलाच आहे. कातळगडची बंदूक ज्यांची, त्या शेटजींनी यंदा सलामी द्यावी.”

लखमशेटनं घाम पुसला.

“तसं पाहिलं तर… बाळाशेट वयानं वडील. मान त्यांचा.”

“छे छे! तुम्ही लांबून आलात. मान तुमचाच!”

“अहो, तुमची बंदूक अस्सल! मघाशीच म्हणणार होतो.”

“अस्सल कसली! माझ्या नळीला तीन ठिकाणी डाक देऊन जोडलंय, दुप्पट दारूनं तोंडावरच फुटेल!”

“माझ्या नळीत तर दोन फुंकण्या जोडल्यात हो!”

राजेसाहेब ताडकन उठले. “म्हणजे दोन्ही खोट्या?”

“मी कुठं म्हणते, सरकार? धनीच म्हणतात.”

राजेसाहेबांचा चेहरा पडला. “अगं, पण माझा दिवाणखाना भरलाय तो ह्यांच्याकडूनच घेतलेल्या बंदुकांनी! त्या तरी खऱ्या आहेत का? सांग पाहू!”

“ते तर अगदी सोपं आहे! त्यांचे धनी आपण. सलामीला कुठली काढू?”

राजेसाहेबांचा हात आपसूक गलमिशांवर गेला.

“एकही नको! एकही नको!” ते ओरडले, आणि मग असे खदखदून हसले की पगडी सुटून मांडीवर आली. कोंडिबाची नोकरी जन्मभराची झाली, हौसाला सोन्याच्या पाटल्या मिळाल्या, आणि त्या दसऱ्याला चिंचगडात सलामी झडली ती नुसत्या नगाऱ्याची!