डॉर्कसबाईचा शेवटचा दगड

इंग्लंडच्या उत्तरेस डोंगरांच्या ओंजळीत एक सरोवर आहे आणि त्याच्या काठी एल्डमिअर नावाचे गाव आहे. आगगाडी त्या मुलखात पोहोचण्याच्या फार वर्षांपूर्वी तेथे डॉर्कस टायसन नावाची एक वृद्ध विधवा राहत असे. कोकणात ज्याला गडगा म्हणतात, तशी चुन्यामातीवाचून नुसती दगडावर दगड बसवलेली कुंपणे रचणे हा तिचा व्यवसाय. तिचा नियम एकच होता: एकदा हाती घेतलेला दगड, त्याची जागा सापडल्यावाचून, खाली ठेवायचा नाही. असे सांगतात की, तिच्या गडग्यातून वारा जाई, पण कोकराचे नाक जात नसे.

गावाचे चर्च सरोवरात शिरलेल्या एका उंचवट्यावर होते आणि मध्ये सखल कुरण होते. एका नोव्हेंबरात नऊ दिवस पाऊस थांबला नाही. दहावा दिवस रविवारचा. सारे गाव प्रार्थनेला निघाले. डॉर्कसबाईची नात एफीही गेली. डॉर्कसबाई मात्र कुरणाच्या अलीकडे, ढासळलेला गडगा सावरीत राहिली.

"रविवारी काम? देव पाहतो आहे, डॉर्कसबाई!" पाद्रीसाहेब जाता जाता म्हणाले.

"पाहू दे की. मेंढ्या कुठे वार पाहतात?"

प्रार्थना अर्ध्यावर आली आणि डोंगरावरच्या तळ्याचा काठ फुटला. पाहता पाहता कुरण बुडाले. चर्चच्या दाराला पाच पायऱ्या होत्या. पाणी दुसरीवर आले. गावातली एकुलती होडी केव्हाच वाहून गेली होती. माणसे दारात दाटली, आणि आयांनी मुले खांद्यावर घेतली.

डॉर्कसबाईने आपला गडगा उलगडायला घेतला. एकेक दगड उचलून ती पाण्यात वाट बसवू लागली. प्रार्थनेला नेहमीच उशिरा पोहोचणारा लोहार जोएल अलीकडेच राहिला होता. तो धावत आला आणि दोन्ही हातांनी दगड पाण्यात भिरकावू लागला.

"भरतकाम करतेस का, म्हातारे? फेक ना!"

"तुझे दगड कुठे गेले, ते बघ आधी."

जोएलने पाहिले. त्याचा एकही दगड जागेवर नव्हता.

"फेकलेला दगड माणसाचा भार घेत नाही," ती म्हणाली. "उचल, आणि माझ्या हातात दे."

पाणी तिसऱ्या पायरीवर आले. दारातून आक्रोश येत होता. ती मात्र प्रत्येक दगड फिरवून पाहत होती, चाचपत होती, बसवीत होती. असे सांगतात की, त्या दिवशी चार पुरुषांना न हलणारे धोंडे तिच्या कुशीत लेकरासारखे येत होते. पाणी चौथीवर आले. आणि तेव्हाच गडगा संपला.

वाटेत एका दगडाची जागा रिकामी राहिली, ती नेमकी भर प्रवाहात. मुलांना, म्हाताऱ्यांना तेथून उडी मारणे शक्य नव्हते. जोएलचे हात रिकामे होते. डॉर्कसबाई पाण्यात उतरली, त्या जागी ओणवी झाली आणि तिने पाठ वाटेच्या पातळीला आणली.

"चला," ती म्हणाली.

माणसे त्या पाठीवरून गेली. पाद्रीसाहेब डोळे मिटून गेले. सर्वांत शेवटी एफी होती, आणि ती थबकली.

"आजी, मी नाही तुझ्यावर पाय देणार."

"दे गं. भार पडला की दगड बसतो. तू पाय दिला नाहीस, तर मी वाहून जाईन."

एफीने पाय दिला. अलीकडे पोहोचून तिने वळून पाहिले. आजी तेथे नव्हती. त्या जागी एक करडी, ओणवी शिळा होती, आणि पाणी तिच्या दोन्ही अंगांनी दुभंगून चालले होते. असे सांगतात.

ती वाट अजून आहे. नोव्हेंबरातल्या त्या रविवारी एल्डमिअरमध्ये प्रार्थनेपूर्वी काम केलेले चालते. घरटी एक माणूस पुन्हा उभारलेल्या गडग्यात एक दगड बसवतो. मग सारे त्या वाटेने चर्चला जातात. आपल्याकडे चुकून कुणाला पाय लागला, तर आपण हात जोडतो. तेथे मात्र त्या शिळेवर दोन्ही पाय रोवून, अंगाचा सारा भार देऊन, क्षणभर उभे राहायचे असते. कडेवरच्या मुलालाही तेथे खाली उतरवतात. आणि एखादा परका पाहुणा आदराने ती शिळा ओलांडू लागला, तर काठावरची म्हातारी माणसे कासावीस होऊन ओरडतात:

"पाय द्या हो, पाय द्या! वाहून जाईल ती!"