साठ दिवसांचे मणी

“सर, तिच्यात असं काय आहे, जे माझ्यात नाही?”

निनाद घोरपडेने चपला काढायच्या आधीच विचारलं.

मी कुंपणाच्या भिंतीवर कुरडया वाळत घालत होते. मुद्दाम कान दिला नाही... पण हात थांबले, खोटं कशाला बोलू?

ठोंबरे सर आमचे शेजारी. औषधांच्या कॉलेजातून रिटायर झाले, तरी दोन विद्यार्थी अजून त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करतात. एक हा निनाद, दुसरी प्रणिता कोष्टी.

दोघंही मणी करतात. खसखशीहून बारीक. मण्याच्या पोटात औषध असतं. सुईने कातडीखाली घातला की मणी रोज थोडा थोडा विरतो आणि तेवढंच औषध सोडतो. साठ दिवसांनी औषध संपतं आणि मणीही संपतो, मागे काही उरत नाही. रोजची गोळी विसरणाऱ्या माणसांसाठी हे सगळं. सरांनीच मला सांगितलंय, चारदा विचारल्यावर.

आता पुढची परीक्षा सशांवर होणार होती, आणि ससे एकाच्याच मण्यांपुरते होते. फॉर्म सरांच्या ओसरीवरच्या टेबलावर होता. नावाची जागा कोरी.

“बसा,” सर म्हणाले. विद्यार्थ्यांनाही ते अहोजाहोच करतात.

निनाद बसला नाही. “माझ्या मण्यांत अठ्ठ्याहत्तर टक्के औषध बसतं. तिच्या मण्यांत एकसष्ट. तरी सेमिनारमध्ये तुम्ही तिला दोनदा ‘छान’ म्हणालात. मला एकदाच.”

“मोजलंत?”

“...हो.”

सरांनी भिंतीकडे न बघताच हाक मारली. “वहिनी, ऐकताच आहात, तर थोडं कोमट पाणी घेऊन या. आणि दोन पांढऱ्या वाट्या.”

मी पळतच गेले आणि पळतच आले.

सरांनी पातेल्यात कोपर बुडवून पाहिलं, बाळाच्या अंघोळीचं पाणी बघतात तसं. “अंगाइतकं ऊन आहे. चालेल.”

त्यांची एक जुनी पद्धत आहे. विद्यार्थ्याने मण्यांत औषध भरायच्या आधी निळा रंग भरायचा आणि बाटली सरांच्या फळीवर आणून ठेवायची. दोन बाटल्या होत्या. चिकटपट्टीवर दोघांची नावं.

प्रणिताचे मणी एका वाटीत पडले. तळाशी जाऊन बसले. पाणी होतं तसंच राहिलं.

निनादचे मणी दुसऱ्या वाटीत पडले... आणि नीळ कालवावी तसं पाणी निळं झालं.



मलाच राहवलं नाही. “अरे, हे औषध असतं आणि माणसाच्या अंगात असतं तर?”

“पहिल्याच दिवशी बाधलं असतं, काकू,” निनाद हळू म्हणाला. “आणि शेवटी शेवटी पुरलंच नसतं.”

सरांनी निळ्या पाण्यात बोट फिरवलं. “आतलं इतक्या लवकर बाहेर येत नाही. हे वरवर चिकटलेलं आहे. मणी किती वेळा धुतलेत?”

“...एकदाही नाही.”

“का?”

“धुतले की आकडा खाली येतो.”

“किती खाली?”

निनादने दुसऱ्या वाटीकडे पाहिलं.

“तिच्या खाली.”

“तुम्हाला कसं कळलं?”

“एकदा धुऊन पाहिले होते... चौपन्न आले.”

“वहीत लिहिलंत?”

“नाही.”

मला वाटलं, आता सर कडाडणार. माझ्या धाकट्याला गणिताच्या एका चुकीसाठी त्यांनी दारात उभं केलं होतं. पण सरांनी नुसता मलमलचा एक तुकडा पुढे केला आणि अंगणातल्या नळाकडे बोट दाखवलं.

निनादने बाटलीतले उरलेले मणी फडक्यात बांधले आणि नळाखाली धरले. पहिलं पाणी गडद निळं गेलं. दुसरं फिकट. तिसऱ्यांदा पाणी स्वच्छ आलं. शर्टाची बाही तेवढी निळी झाली.

धुतलेले मणी सरांनी ताज्या पाण्यात सोडले.

“आता पाठ करा.”

निनादने पाठ केली. सरांनी दोन्ही वाट्या टेबलावर फिरवल्या, इकडची तिकडे, तिकडची इकडे. मी डोळ्यांत तेल घालून बघत होते, तरी शेवटी माझाही गोंधळ झाला.

“वळा. यातले तुमचे कोणते?”

निनाद वाकला. एक वाटी उजेडाला धरली, मग दुसरी. दोन्हींत पाणी स्वच्छ, दोन्हींच्या तळाशी निळे ठिपके. बराच वेळ गेला...

“सांगता येत नाही, सर.”

सरांनी फॉर्म पुढे सरकवला आणि खिशातलं पेन काढून त्यावर ठेवलं.

“मग नाव तुम्हीच लिहा.”

निनादचा चेहरा एकदम उतरला. चार वर्षांचं काम होतं त्याचं. दुपारचे डबे खायचे राहून जायचे, हे मला त्याच्या आईनेच सांगितलंय. पेन त्याने उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं.

मी भिंतीवरून मान एवढी लांब केली की दोन कुरडया मोडल्या.

त्याने लिहिलं. प्रणिता कोष्टी. ठळक, मोठ्या अक्षरांत. खाली एक रेघ ओढली, मग आणखी एक.

आणि सरांकडे पाहिलं. डोळे भरले होते, पण मान ताठ होती.

“झालं, सर. सगळं निघून गेलं. आता माझ्या मनात तिच्याबद्दल एवढासुद्धा हेवा उरला नाही.”

सरांनी फॉर्मची घडी घातली. पेनाला टोपण लावलं. दोन्ही वाट्यांकडे एकदा बघितलं...

“आजचा दिवस झाला,” ते म्हणाले. “एकोणसाठ राहिले.”