चौदा मेचा शेरा

करंजखोपीच्या जिल्हा परिषद शाळेला तपासणी अधिकारी बिडवे साहेबांनी गेल्या वर्षी ‘ड’ श्रेणी दिली होती. पुन्हा तोच शेरा पडला की शाळा बंद, आणि पोरांना रोज सहा किलोमीटर पायपीट. म्हणून यंदा आईबाप सकाळपासून व्हरांड्यात येऊन बसले होते. साहेबांसाठी शाल-नारळ मात्र कुणीही आणला नव्हता.

वर्गाकडे न बघताच साहेबांनी शेरेबुक मागवलं. “गेल्या वर्षी एकालाही वाचता येत नव्हतं. यंदा काय वेगळं असणार?” म्हणत त्यांनी पेन काढलं.

“आधी एकीचं वाचन ऐका,” मुख्याध्यापिका केंगारबाई म्हणाल्या. “पुस्तक पाठ केलंय म्हणाल, म्हणून तुमचंच अक्षर देते.”

चौथीतल्या मुमताजनं शेरेबुकातलं साहेबांचं गेल्या वर्षीचं किरटं अक्षर खणखणीत आवाजात वाचलं, “आज सर्व वर्गांचे वाचन घेतले. एकाही विद्यार्थ्यास वाचता येत नाही. दिनांक चौदा मे.”

व्हरांड्यात हशा पिकला. मे महिन्यात शाळेला कुलूप होतं आणि शेरेबुक साहेबांच्या कचेरीत होतं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

“चुकीचं वाचतेय ती,” साहेब गुरकावले.

“मग बरोबर काय ते तुम्ही सगळ्यांसमोर वाचा,” बाई म्हणाल्या. “आणि तिचं बरोबर असेल, तर तिला वाचता येतं एवढं त्याच ओळीखाली लिहा. तारीख आजची घाला.”

साहेबांनी खाली मान घालून लिहिलं. बाईंनी शेरेबुक पुन्हा मुमताजच्या हातात दिलं.

“वाच गं, काय लिहिलंय ते.”