टिटवीचा अबोला

विश्वास कुणावर ठेवावा, सांगा पाहू मुलांनो? ज्याची चूक कधी कुणी पाहिलीच नाही त्याच्यावर, की झालेली चूक जो समोर येऊन सांगतो त्याच्यावर? उत्तराची घाई नको. आधी टिटवीचे ऐका.

एका जंगलात, नदीच्या वळणावर, एक टिटवी राहत असे. कोल्हा दिसला की ओरडून साऱ्यांना सावध करणे हे तिचे काम. शिवाय ती अंडी कुठे घालते, यावर सारे रान पावसाचा अंदाज बांधी. टेकडीवर घातली तर मोठा पूर, पात्रातल्या वाळूत घातली तर पाऊस बेताचा. एका उन्हाळ्यात मात्र तिला टेकडीवर जायचा कंटाळा आला. पात्रातली वाळू मऊ होती, गार होती; तिने तिथेच खळगी केली. सशीण विचारायला आली, "टिटवीबाई, यंदा पाणी इथवर नाही ना यायचं? म्हणजे माझं बाळंतपणही खालीच उरकते. चढउतार करून कंबर मोडते बघ." डाळ शिजते का, असे गिऱ्हाइकाने विचारले तर न चाखता 'शिजते' म्हणायला दुकानदाराचे काही जात नाही. टिटवीचेही तसेच झाले. रानात मान होता, तो कशाला घालवा? "नाही यायचं," ती ऐटीत म्हणाली.

आणि एका पहाटे, सारे झोपेत असताना, नदी उठून आली. टिटवीची अंडी गेली. सशिणीची तिथेच जन्मलेली दोन पिले गेली, एकच तेवढे हाती लागले. त्या दिवसापासून टिटवी मुकी झाली. पाण्यावर धुके उतरे आणि त्यात ती एका पायावर उभी राही. धुक्यातून इवल्या कानांच्या दोन जोड्या तरंगत जवळ येत आणि विरून जात. पाहता पाहता तिला वाटू लागले, ढग आपणच बोलावले, नदी आपणच फुगवली. ज्या चोचीने घात केला ती आता ओरडायला उघडायची नाही, असे तिने ठरवून टाकले.

काठावरचे म्हातारे कासव एकदा म्हणाले, "काय गं, पाऊसही तूच पाडलास वाटतं?"

"माझ्यामुळेच गेली पिलं, आजोबा."

"पूर नदीचा. कंटाळा तुझा, आणि माहीत नसताना 'नाही यायचं' म्हणालीस, तेही तुझं. तेवढं पदरात घे. नदीचं ओझं डोक्यावर घेऊन बसलीस, म्हणून सशिणीच्या दारी जायला तुझा पाय उचलत नाही."

टिटवी सशिणीच्या दारी गेली. मान खाली घालून म्हणाली, "पाण्याचं मला काही ठाऊक नव्हतं. उन्हात टेकडी नको वाटली, एवढंच. आणि ते तुला सांगितलं नाही."

सशिणीने उरलेल्या पिलाला जवळ ओढले. "हे मी विसरायची नाही," ती म्हणाली. "पण तू गप्प का झालीस? काल कोल्हा पार झुडपापर्यंत आला होता. एक पोर उरलंय माझं. तुझ्या रडण्यानं ते वाचणार आहे का?"

त्याच संध्याकाळी धुके दाट उतरले. वारा नव्हता, तरी एका जागी गवत हलले. टिटवीला वाटले, आपल्या हाकेवर आता कोण पळणार? पण पिलू उघड्यावर चरत होते. तिने चोच उघडली. टिटीव, टिटीव, टिटीव. सशीण आणि पिलू काटेरी जाळीत शिरले, आणि झेपावलेल्या कोल्ह्याच्या तोंडात नुसते धुके आले.

जाळीतून सशिणीचा आवाज आला, "टिटवीबाई, उद्याही ओरड."

तात्पर्य : आपल्या निर्णयाने दुसऱ्याचे नुकसान झाले, तर आपल्या वाटणीची चूक पुरती कबूल करावी, नशिबाची चूक माथी घेऊन बसू नये, आणि जे उरले आहेत त्यांच्या उपयोगी पडणे थांबवू नये. तेव्हा मुलांनो, एवढे माझे ऐका : मनातला हिशेब चोख ठेवा, स्वतःच्या नावावर कमी नको आणि जास्तही नको.